पाऊस, पाप आणि कोठार

दुष्काळ पुरासारखा किंवा भूकंपासारखा एका दिवसात कोसळत नाही. मृग कोरडा जातो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू. पेरलेले बी उगवून करपते. उसनवारी करून दुबार पेरणी होते, तीही हातची जाते. हस्त-चित्राचा पाऊस हुकला की रब्बीची आशा मावळते, आणि खरी टंचाई त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, फाल्गुन-चैत्रात विहिरींचे तळ दिसू लागल्यावर सुरू होते. संकट असे दमादमाने येत असल्याने त्यात सापडलेल्या समाजाला विचार करायला वेळ मिळतो. हे का झाले, कोणामुळे झाले आणि आता कोणी काय करायचे, हे प्रश्न दुष्काळी गावांत वर्षभर चावडीवर आणि देवळात बोलले जातात. पहिले दोन आभाळाकडे तोंड करून विचारले जातात, तिसरा माणसांना. मराठी मुलखाच्या धर्मविचारात या तिन्ही प्रश्नांना जागा आहे. पण त्यातला जो प्रवाह सर्वांत सकस ठरला, त्याने भर दिला तो तिसऱ्या प्रश्नावर.

या मुलखाची घडणच टंचाईची आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. सह्याद्रीने ढग अडवल्यावर पलीकडे माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा असा पर्जन्यछायेचा पट्टा उरतो. राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण आहे. हा खडक पाणी धरून ठेवत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात, आणि तेवढे एखाद्या हंगामात उपसून संपते. म्हणून एका वर्षाचा पाऊस बुडाला की त्याची झळ त्याच उन्हाळ्यात बसते, आणि लागोपाठ दोन वर्षे गेली तर गावे उठू लागतात.

दुष्काळात शेतकरी कुटुंब ज्या क्रमाने वस्तू विकते तो क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी कोंबड्या-शेळ्या, मग दुभते जनावर, मग बैल, मग बायकोच्या अंगावरचा डाग, आणि अगदी शेवटी जमीन. सगळे एकाच वेळी विकायला निघाल्याने बाजारात जनावराला कवडीमोल भाव येतो आणि त्याच बाजारात ज्वारी चढत जाते. बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस आला तरी पेरणी दुसऱ्याच्या औतावर अवलंबून. फळबागवाल्याचे नुकसान याहून वेगळे असते. मोसंबीचे झाड लावल्यापासून पाचेक वर्षांनी भरवशाचे फळ देऊ लागते. २०१२-१३च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद भागातल्या बागा वाळल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी आधी विकतच्या टँकरचे पाणी आळ्यात ओतून पाहिले. पाने वळतात, मग गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळत खोडापर्यंत येतात. खोड वाळले की कुऱ्हाड. गेलेली पाच वर्षे आणि येणारी पंधरा वर्षे अशी दोन्हीकडची कमाई एका उन्हाळ्यात सरपण होते. ज्यांच्याकडे बागही नाही आणि विहिरीला पाणीही नाही, ते मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. बीड जिल्ह्यातून दरवर्षी असे लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या भागात जातात. गावात म्हातारी माणसे उरतात, आणि शाळेच्या पटावरची मुले फडातल्या कोपीत भाऊ-बहीण सांभाळतात.

एवढी हानी कोणाच्या दोषामुळे, या प्रश्नाला सर्वांत जुने उत्तर राजाच्या पापाचे आहे. यास्काच्या निरुक्तात कुरुकुळातल्या देवापी आणि शंतनू या भावांची कथा येते. थोरला देवापी असताना धाकट्या शंतनूने अभिषेक करून घेतला, म्हणून त्याच्या राज्यात बारा वर्षे पाऊस पडला नाही. महाभारताच्या वनपर्वात अंगदेशाचा राजा लोमपाद ब्राह्मणांशी खोटे वागतो, पाऊस थांबतो, आणि ऋष्यशृंगाला राज्यात आणेपर्यंत तो परतत नाही. या कथांमध्ये निसर्ग आणि नीती यांच्यात भिंत नाही. सिंहासनावरचा अन्याय ढगांपर्यंत पोचतो. आजच्या वाचकाला हे कारण पटणार नाही, पण या विचाराची एक बाजू मोलाची आहे. उपाशी मरणारी प्रजा यात निर्दोष आहे. दोष वर आहे, आणि जाब वरच्यालाच विचारायचा आहे. जुन्या महसुली कागदांत जमिनीच्या कौलाला अस्मानी-सुलतानीची अट असे. आभाळातून किंवा राज्यकर्त्यांकडून आपत्ती आली तर साऱ्यात सूट द्यायची, हे तिच्यात धरलेले असे. दोन्ही आपत्तींची नावे एका श्वासात घेणाऱ्या समाजाला त्यांतले नाते अनुभवाने कळले होते.

हाच विचार खाली घसरला की मात्र क्रूर होतो. राजाला जाब विचारणे अवघड असते. गावातल्या कमकुवत माणसावर ठपका ठेवणे सोपे. देवी कोपली, कोणीतरी विटाळ केला, कोणाचा तरी पायगुण वाईट, अशा शोधात सापडते ती एकटी बाई किंवा वेशीबाहेरचा माणूस. १९३४च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या उत्पातांना नैतिक अर्थ लावण्याची ही रीत विरोधकांच्याही तितकीच सोयीची आहे, हा त्यांचा मुद्दा होता. सनातनी मंडळी तोच भूकंप गांधींच्या चळवळीच्या माथी मारू शकत होती. भूकंपाबद्दलचा हा युक्तिवाद दुष्काळालाही जसाच्या तसा लागू पडतो. आपत्तीला पापाची शिक्षा म्हटले की पापी कोण, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

कर्मसिद्धान्ताचे उत्तर याहून खासगी आहे: जो तो आपले पूर्वसंचित भोगतो. दुष्काळापुढे या उत्तराची अडचण होते. पंचक्रोशीत पाऊस पडत नाही तेव्हा तो वारकऱ्याच्या शेतात पडत नाही आणि सावकाराच्या शेतातही पडत नाही; इतक्या वेगवेगळ्या माणसांचे संचित एकाच नक्षत्रात फळाला यावे, याचा उलगडा वैयक्तिक कर्माने होत नाही. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. पाऊस दोघांच्या शेतात पडला नाही, तरी उपाशी राहतो एकच. या फरकाला कर्म म्हटले की सावकाराची वही आणि रिकामे कोठार नजरेआड होते. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धापुढे असाच प्रश्न आला होता. संयुत्तनिकायातल्या मोळियसीवक सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, की माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांबद्दल आपले मत काय? बुद्ध वात, पित्त, कफ यांच्यासह ऋतुबदल, बेफिकीर वागणूक, दुसऱ्याने केलेला आघात अशी वेगवेगळी कारणे मोजतो. कर्मविपाक हे त्या यादीतले फक्त एक कारण आहे. सुत्त शरीराच्या वेदनांविषयी आहे, पण त्यातला विवेक दुष्काळाच्या विचारालाही उपयोगी पडतो. ऋतूने केलेले ऋतूच्या नावावर मांडावे आणि माणसाने केलेले माणसाच्या, म्हणजे कोणता भाग सोसायचा आणि कोणत्या भागाविरुद्ध उभे राहायचे, हे तरी कळते.

उपासमारीत धर्माचे नियम किती पाळायचे, यावर परंपरेने फार बारकाईने विचार केला आहे. शांतिपर्वातल्या आपद्धर्माच्या भागात बारा वर्षांच्या अवर्षणाची कथा आहे. भुकेने कासावीस झालेला विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. जागा झालेला चांडाळ त्याला अडवतो, आणि मग दोघांचा दीर्घ वाद होतो. ऋषीला धर्म सांगणारा चांडाळ आहे: हे मांस निषिद्ध, ही चोरी, तुझ्यासारख्याने असे करू नये. विश्वामित्राचे म्हणणे असे की जगलो तर धर्म करता येईल, म्हणून आधी जगले पाहिजे. महाभारत विश्वामित्राला दोषी ठरवत नाही. तरीही चांडाळाचे बोलणे इतके तोलाचे लिहिले आहे की वाचणाऱ्याच्या मनात तेच अधिक काळ राहते.

छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट लहान असली तरी तिच्यात याहून नेमकी रेघ ओढलेली आहे. कुरुदेशातली पिके नष्ट झाली होती. उपाशी उषस्तीने एका माहुताकडून त्याचे उष्टे कुळीथासारखे कडधान्य मागून खाल्ले. माहुताने वर पाणी देऊ केले तेव्हा ते मात्र नाकारले, कारण तेही उष्टे होते. धान्यही उष्टेच होते की, असे माहुताने म्हटल्यावर त्याचे उत्तर होते की ते खाल्ले नसते तर तो जगला नसता. पाणी दुसरीकडेही मिळू शकते. गरज संपते त्याच ठिकाणी सूट संपते. दुष्काळाच्या नावाखाली वर्षानुवर्षे सवलती उपटणाऱ्यांच्या संदर्भात ही कसोटी आजही लावता येते.

महाराष्ट्राच्या स्मृतीत मात्र उपाशी माणसाने काय खावे, यापेक्षा भरल्या कोठारावर बसलेल्याने काय करावे, हा प्रश्न ठळक आहे. दुर्गादेवीचा म्हणून ओळखला जाणारा चौदाव्या शतकाच्या अखेरचा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा सांगितला जातो. त्यानंतरच्या शतकात, बहामनी अमलात, मंगळवेढ्याला दामाजीपंत कारभारी होते. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी पूर्वापार प्रसिद्ध. पाऊस कमी झाला तरी तिथली मालदांडी मुरलेल्या ओलीवर येते. सरकारी अंबारांत धान्य होते आणि बाहेर माणसे मरत होती. संतचरित्रकार महिपतीने सांगितलेल्या कथेत पंढरपूरहून आलेला एक ब्राह्मण दामाजीपंतांच्या पानावर बसतो आणि घरची उपाशी पोरे आठवून त्याच्या डोळ्यांत पाणी येते. दामाजीपंत अंबारे उघडतात. चुगली राजधानी बेदरला पोचते, पकडून नेण्याचा हुकूम सुटतो. तेवढ्यात विठू महार नावाचा एक माणूस बादशहापुढे हजर होऊन धान्याचे सगळे मोल मोजतो आणि रीतसर पावती घेतो. पावती पुढे दामाजीपंतांना आपल्या पोथीत सापडते, आणि तो विठू महार म्हणजे खुद्द विठ्ठल होता हे उमगते.

या कथेत देव काय करत नाही, हे पाहण्यासारखे आहे. तो पाऊस पाडत नाही. आभाळ जसे आहे तसेच राहते, आणि चमत्कार घडतो तो हिशेबाच्या वहीत. उपाशी लोकांना धान्य वाटणे हा कायद्याने गुन्हा होता. तो गुन्हा देव आपल्या अंगावर घेतो आणि रक्कम भरून तो व्यवहार कायदेशीर करतो. त्यासाठी त्याने रूप घेतले ते गावकीत सगळ्यांत खाली मानलेल्या महाराचे, ज्याच्या जातीला पंढरीच्या देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती. याच मंगळवेढ्यात दामाजीपंतांच्या आधी महार संत चोखामेळा होऊन गेला, आणि गावकुसाचे काम करताना ते कोसळून त्याखाली त्याचा अंत झाला. देवाला विठू महार करणाऱ्या लोककल्पनेला हा इतिहास ठाऊक नव्हता, असे मानणे कठीण आहे.

सतराव्या शतकात १६३०च्या सुमाराचा दुष्काळ आला, तोही एकट्या आभाळाचा नव्हता. शहाजहानची फौज दख्खनेत उतरली होती, निजामशाही मोडकळीला आली होती, आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून उजाड केले होते. देहूच्या तुकोबांचे घर वाणसवदा आणि सावकारी करणारे, खाऊनपिऊन सुखी. या दुष्काळात व्यापार बुडाला, पत गेली, थोरली बायको अन्नावाचून मेली, मुलगा गेला. हे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. आणखी एका अभंगात ते देवाला म्हणतात की दुष्काळाने पीडले हे बरेच झाले, दिवाळे निघाले हेही बरे झाले. हे वाक्य अनेकदा दुःखाच्या गौरवासाठी वापरले जाते. तसे वापरणे चूक आहे. तुकोबा हे स्वतःच्या नुकसानाबद्दल बोलतात, शेजाऱ्याच्या नाही. माणूस आपल्या दुःखातून अर्थ काढू शकतो. दुसऱ्याच्या उपासमारीला तो अर्थ चिकटवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. तुकोबांनी पुढे काय केले, हे परंपरेने नीट जपले आहे: घरातली कर्जखते काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने ज्यांना बुडवले त्यांच्याकडून वसुली करायची नाही, हा त्या दुष्काळातून निघालेला धर्म.

सावकाराने आपण होऊन खते बुडवण्याची गोष्ट अपवादाचीच राहिली. मे १८७५ मध्ये सुप्याला आणि नंतर पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. कापसाचे भाव पडणे आणि साऱ्याची वाढ ही त्यामागची कारणे होती. वर्षभरातच पाऊस गेला. १८७६ ते १८७८च्या त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. त्याच काळात हिंदुस्थानातला गहू आगबोटींनी इंग्लंडला जात होता. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, बाजार आपोआप सगळे ठीक करतो, ही तेव्हाच्या राज्यकर्त्यांची श्रद्धा होती. दैवाच्या कल्पनेत आणि या श्रद्धेत फार अंतर नाही: दोन्हींत माणसे मरतात आणि जबाबदार कोणी नसतो. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे, इतकी खाली आणली. मुंबई इलाख्यात हजारो उपाशी मजुरांनी ती नाकारून काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पोटात अन्न नसताना मजुरीचा दर नाकारणे हा त्या दुष्काळातला एक मोठा नैतिक क्षण होता, आणि त्याची आठवण फारशी राखली गेली नाही.

सत्यशोधकांनी याच वेळी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई फुल्यांनी जुन्नर भागातली अवस्था कळवली आहे: माणसे, जनावरे, सावकारांविरुद्धचा संताप आणि सत्यशोधकांनी चालवलेले काम. १८८३च्या सुमारास जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याचे दारिद्र्य दैवाने येत नाही. ते अविद्येतून, कर्जातून, कारकुनी लुबाडणुकीतून आणि सरकारी खर्चाच्या ओझ्यातून येते, असा त्याचा रोख. पाणी अडवण्यासाठी बांध घालावेत, तलाव करावेत, मुरवणी वाढवावी, हेही त्यात सांगितले आहे. धर्माच्या नावाने होणारी लूट आणि जमिनीवरून वाहून जाणारे पाणी यांचा विचार एकाच ग्रंथात यावा, हे त्या काळी नवे होते.

दुष्काळाने श्रद्धा मोडल्याचेही उदाहरण याच दशकातले आहे. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण १८७०च्या दशकात दक्षिणेत, उपासमारीच्या दिवसांत वारले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कडवे धर्मनिष्ठ. जवळचे पैसे तीर्थस्नाने, अनुष्ठाने आणि दानधर्म यांत संपले, कोणतीही देवता धावून आली नाही, आणि अंगमेहनतीचे काम करणे त्यांच्या कुळाला शोभणारे नव्हते. रमाबाईंनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले. त्यांच्या धर्मांतरामागे अनेक कारणे असली, तरी त्या उपासमारीत पडलेली भेग कधी भरली नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून केडगावला आसरा दिला. देवाने का सोडले, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले उत्तर पुष्कळांना मान्य होणार नाही. त्या मुलींना जेवण मिळाले, याबद्दल मतभेदाला जागा नाही.

दयेतून हक्काकडे जाण्याचा टप्पा १९७२ला आला. त्या वर्षी आणि त्याच्या आधीही पाऊस इतका बुडाला की ज्वारीचे कोठार समजले जाणारे जिल्हे परक्या लाल मिलो ज्वारीवर जगले. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते, नालाबांध अशी कामे निघाली. १९७३च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे या कामांवर होती, त्यात बाया मोठ्या संख्येने. हातात घण, डोक्यावर पाटी, दुपारी सुकडी. हाल झाले, कुपोषण झाले, पण १८७६ सारखे मृत्यूचे तांडव झाले नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आपल्या ग्रंथात मांडले की दुष्काळात माणसे मरतात ती बहुधा धान्य संपल्याने नव्हे, धान्य मिळवण्याची ऐपत आणि हक्क संपल्याने. मंगळवेढ्याच्या कथेत हे आधीच होते. कौटिल्यानेही दुर्भिक्षात राजाने बी-भाताची मदत करावी आणि दुर्ग-सेतू बांधण्याची कामे काढून लोकांना अन्न द्यावे, असे सांगितले आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदारांवरचा व्यवसाय कर या योजनेकडे वळवण्यात आला. नैतिक दृष्टीने हा भाग फार महत्त्वाचा आहे. ज्याच्या पगारावर पावसाचा परिणाम होत नाही त्याने, ज्याची मजुरी पावसाबरोबर बुडते त्याचा भार उचलायचा, आणि तोही उपकार म्हणून नव्हे, कर म्हणून. २००५चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

१९७२ची दुसरी आठवणही लिहिली पाहिजे. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीवर पाणी घेतल्यावरून दलित स्त्रियांची विटंबना करून धिंड काढण्यात आली. दलित पँथरच्या जन्मामागच्या घटनांमध्ये तिचा उल्लेख होतो. पाणी आटले की गाव एक होते, ही समजूत निदान तिथे खरी ठरली नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पाणी प्राशन केले तो कोकण धो धो पावसाचा. तिथे पाणी भरपूर असून लोक तहानलेले होते. टंचाई निसर्गाची असो वा नसो, तहान माणसांनी वाटून दिलेली असते.

पावसासाठी केलेले विधी या सगळ्यात कुठे बसतात? कोरड्या आषाढात मुले धोंडी काढतात. अंगाला कडुनिंबाचा पाला बांधलेला पोरगा, डोक्यावरच्या पाटावर बेडूक किंवा धोंडा, आणि दारोदार गाणे. बायका वरून तांब्याभर पाणी ओततात आणि सुपातले मूठभर धान्य देतात. शेवटी त्या धान्याचे एकत्र जेवण होते. काही गावांत महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंडी कोंडतात, म्हणजे देवालाच ओलीस धरतात. यांनी ढग येत नाहीत, हे करणाऱ्यांनाही माहीत असते. तरी या विधींना केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे घाईचे ठरेल. देवाशी भांडण्याचा हक्क संतांनी बजावला, तोच इथे गाव बजावते, आणि धोंडीच्या निमित्ताने घराघरातले धान्य एका चुलीवर येते. विधी घातक होतो तो त्याच्यावर विसंबून बांधबंदिस्ती थांबली तर, किंवा त्याच्यापायी पिण्याचे पाणी खर्ची पडले तर.

दुसरी शक्यता २०१५ला प्रत्यक्षात समोर आली. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ त्या वर्षी होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडावे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच गोदावरीवर खाली पैठणला जायकवाडीचे धरण आहे. त्याच्या जलाशयाचे नाव नाथसागर. ज्या एकनाथांचे हे नाव, त्यांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा मराठी घरांत लहानपणीच ऐकवली जाते. नदीच्या वरच्या अंगाचा वाद सोडवायला धर्मशास्त्र धुंडाळण्याची गरज नव्हती. उत्तर खालच्या अंगाच्या जलाशयाच्या नावातच होते. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

पाण्याची वाटणी न्याय्य कशी करावी, याचे सर्वांत धीट उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावाने दिले. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर तिथे पाणी पंचायतीची मांडणी केली. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, माणशी मिळेल: दर डोई अर्धा एकर भिजण्यापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. दामाजीपंतांनी एकदा केलेले वाटप इथे रोजच्या नियमात आले, आणि आधी भूक की आधी मालकी, या प्रश्नाचा निकाल भुकेच्या बाजूने लागला. हिवरे बाजारनेही शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, अशी शिस्त ग्रामसभेतून लावून घेतली.

राज्यभर मात्र ही तत्त्वे पोचली नाहीत. १८८२च्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी की जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. विहिरीचे पाणी काठावरून सगळ्यांना दिसते. बोअरचे कोणालाच दिसत नाही. शेजाऱ्याने तीनशे फुटांवर पाणी लावले की दुसरा पाचशेवर जातो, आणि कर्ज काढून आणखी खाली गेलेला तिसरा दोघांचे पाणी ओढतो. यात कोणीही कायदा मोडत नाही. भूजलाचे नियमन करणारे राज्याचे कायदे १९९३ मध्ये आणि नंतर पुन्हा झाले, पण गावोगाव त्यांची अंमलबजावणी तोकडी राहिली. मराठवाड्यात अवर्षणाच्या वर्षांतही ऊस उभा राहतो आणि त्याच शिवारातल्या वाड्या-वस्त्यांना टँकर लागतो. टँकर आला की आधी हंडे लागतात ते वस्तीच्या पुढच्या घरांचे. मागच्या घरांपर्यंत पाइप पोचेस्तोवर टाकी बहुधा खडखडत असते.